झेल्यातला आंबा आणि डोलकाठीचं टोक

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर दिवाडी बेटाच्या फेरीबोटीची वाट बघत उभे होतो. भाच्याने मोबाईल नाकासमोर धरला. "मामा, हे बघ. शिडाची यॉट, आत सोफे, एसी, सगळं. चालवायला एकच माणूस! खलाशी नाहीतच. बटण दाबलं की शीड वर." खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'संपूर्ण कार्बन'.

व्हिडिओ सुंदर होता. पण बटणाचं कौतुक मला कळेना. मुरगाव बंदरातल्या क्रेनलाही बटणंच असतात. खलाशी कमी झाले ते वजन कमी झालं म्हणून, आणि ही गोष्ट व्हिडिओत कुठेच नव्हती.

आधी खलाशी लागतात कशाला ते पाहू. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जाते. दर वळणाला पुढचं शीड एका बाजूने सोडायचं, डोलकाठीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यायचं आणि विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या रहाटावर, दोरी गुंडाळून ताणायचं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटच्या (नॉट हे समुद्रावरचं वेगाचं माप) वाऱ्यात शिडाच्या दर चौरस मीटरला ढोबळमानाने दीड किलोचा जोर बसतो, २० नॉटला साडेसहा किलोचा. म्हणजे ५० चौरस मीटरच्या शिडावर सव्वातीनशे किलो. तेवढा जोर हाताने ओढायचा तर माणसं लागणारच. शीड लहान केलं तर जोर कमी होतो, पण मग जड नौका मंद वाऱ्यात जागची हलत नाही. सगळी गाठ इथे आहे.

आता कार्बन. लोकांना कार्बन म्हटलं की कोळसा नाहीतर पेन्सिल आठवते. प्रत्यक्षात हा धागा बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकपासून बनतो, थंडीच्या स्वेटरांत असतं त्याच कुळातल्या पदार्थापासून. १९६१ च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी हा रस्ता दाखवला. धागा आधी हवेत २००-३०० अंशांना भाजायचा, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे न्यायचा. बाकीचे अणू उडून जातात आणि उरतात लांबीच्या दिशेने लागलेल्या कार्बनच्या पट्ट्या. जाडी ५ ते ७ मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी. घनता १.८, पोलादाची ७.८५. ताठपणा मात्र २३० गिगापास्कल, म्हणजे पोलादाहून थोडा जास्तच, आणि काचेच्या धाग्याच्या तिप्पट. हे आकडे नुसत्या धाग्याचे, तेही लांबीच्या दिशेने. राळेत बसवून उलटसुलट थर रचले की ताठपणा बराच उतरतो. बांबूसारखंच आहे हे, उभा सहज फाटतो, आडवा मोडता मोडत नाही. म्हणून कुठला थर कुठल्या दिशेने घालायचा यातच कारागिरी.

पण मला या प्रकरणात खरी आवडते ती डोलकाठी.

मे महिन्यात झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या बांबूने, मानकुराद आंबे काढले असतील तर हे गणित तुमच्या मनगटाला ठाऊक आहे. बांबू पाच मीटर, आंबा पाव किलोचा. जाळीत आंबा पडतो तेव्हा बांबू जरा जरी कललेला असला तरी मनगट पिरगळतं. बांबू अगदी आडवा असेल तर आंब्याचा पीळ ०.२५ किलो गुणिले ५ मीटर, म्हणजे सव्वा. तो तोलायला हाताच्या मागे अर्ध्या मीटरवर काय टांगावं लागेल? अडीच किलो. पाव किलोला अडीच किलो!

नौकेचं हेच. वारा तिला कलवतो, आणि सरळ करायला खाली कण्याच्या टोकाला शिशाचा गोळा असतो. आपले जुने दर्यावर्दी गलबताच्या तळाशी दगड भरत, त्याला नीरम म्हणत. हे शिसं म्हणजे आजचं नीरम. समजा डोलकाठी २० मीटर उंच आहे आणि शिसं अडीच मीटर खाली. टोकावरच्या एका किलोला खाली आठ किलो शिसं लागतं. आता समजा अ‍ॅल्युमिनियमऐवजी कार्बन वापरून काठीचे १०० किलो वाचले. काठीचं वजन सरासरी मध्यावर, म्हणजे १० मीटरवर धरू. १०० गुणिले १० भागिले अडीच, म्हणजे तेवढ्याच स्थैर्यासाठी ४०० किलो शिसं काढून ठेवता येतं. वाचले होते शंभर, नौका हलकी झाली पाचशेने. हलकी नौका कमी पाणी बाजूला सारते, म्हणून तिला लहान शीड पुरतं. लहान शिडाला बारीक काठी चालते, आणि बारीक काठी आणखी हलकी असते. वजनाला वजन लागतं हे घरबांधणीतही खरं आहे, पण समुद्रावर ते चक्र उलटंही फिरवता येतं.

अजून एक. समोरच्या लाटांवर नौका नाक वर-खाली करते तेव्हा साधं अंतर मोजून भागत नाही, अंतराचा वर्ग मोजावा लागतो. टोकावरच्या किलोचं जडत्व-आघूर्ण (झुलवायला किंवा थांबवायला तो किती जड जातो ते) ४००, दोन मीटरवरच्या किलोचं ४, म्हणजे शंभरपट फरक. काठी हलकी झाली की नाकाचं हे झुलणं आवरतं आणि वेग टिकतो. (भाचा इथे मोबाईलकडे वळला. तुम्ही थांबलात, आभार.)

तर लहान शीड पुरतं, आणि तिथेच खलाशी गळतो. पुढचं शीड डोलकाठीच्या मागे जाणार नाही इतकं आखूड कापता येतं. काठीच्या पुढे एक आडवा रूळ बसवतात, त्यावर छोटी गाडी. शिडाची एकच दोरी त्या गाडीतून जाते. सुकाणू वळवलं की वारा शिडाला ढकलतो, गाडी घरंगळत दुसऱ्या बाजूला जाते, दोरीला हात लावायला नको. बटणं आणि हायड्रॉलिक विंच यांचं काम यानंतर सुरू होतं. १९९४ मध्ये मोनॅकोत लुका बसानी यांनी 'वॉली' ही यॉटची कंपनी सुरू केली आणि हे सगळं मोठ्या, ऐषारामी यॉटवर आणलं. आत लाकूडही पातळ कापाचं, आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ फळी. ऐश करायची, पण तोलून.

उलट टीपी ५२ वर्गाच्या शर्यतीच्या नौका बघा. १६ मीटर लांब, वजन ७ टनांच्या आसपास, सगळा कार्बन, तरी वर डझनभर माणसं. वाचलेलं वजन त्यांनी जास्त शिडात घातलं. यॉटवाल्यांनी आरामात घातलं.

आणि कार्बनशिवाय एकट्याने जाताच येत नाही असं कुणी सांगितलं तर दिवाडीकडे बोट दाखवावं. नौदलाची शिडाची नौका 'म्हादेई' इथेच बांधली, लाकडावर फायबरग्लास, वजन २३ टन. दिलीप दोंदे तिच्यावरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले, अभिलाष टॉमी कुठेही न थांबता २०१३ मध्ये. दिवाडीच्याच 'तारिणी'वरून २०२४ च्या २ ऑक्टोबरला दिलना आणि रूपा या दोन नौदल अधिकारी गोव्यातून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये परत आल्या. वजन तेवढंच. फरक इतकाच की तिथे दोऱ्या माणसाने ओढायच्या, झोप मोडून, भिजत.

कार्बनचे अवगुणही सांगायला हवेत. तो अ‍ॅल्युमिनियमसारखा आधी वाकून इशारा देत नाही, थेट तुटतो. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमशी थेट चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. शिवाय तो वीज वाहतो. आपल्याकडे अजून पायाळू माणसाला पावसात बाहेर सोडत नाहीत, त्याच्यावर वीज पडते म्हणे. विजेला कुणाचा जन्म कसा झाला याच्याशी देणंघेणं नाही. सपाट पाण्यावर उभी असलेली वीस मीटरची काठी तिला पुरते, म्हणून काठीपासून पाण्यापर्यंत विजेला जाड तांब्याची वाट करून द्यावी लागते. उलट मोटारसायकलवर कार्बनचा काळा चौकडीचा स्टिकर लावला तर काही फरक पडत नाही, वजन स्टिकरइतकं वाढतं.

फेरी आली. चढता चढता भाच्याने विचारलं, "मग इथे ठेवली अशी यॉट, तर खरंच एकही माणूस लागणार नाही?" मी त्याला पलीकडे ओढून ठेवलेला ट्रॉलर दाखवला. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद, तेवढ्यात तळ खरवडून रंगवायचा असतो. मांडवीच्या कोमट पाण्यात कवचवाले बार्नकल कुठल्याही तळाला चिकटतात, कार्बन असो की लाकूड. ट्रॉलरखाली दोघे जण पत्र्याची खरवडणी घेऊन उकिडवे बसले होते.

"त्याचं बटण?"

"तेच बसलेत."