रस्तामान्य वेगवान मोटार : फियाट ११०० (सोलापूर)

जुनी, नावाजलेली मोटार तिच्या मूळ सांगाड्यावर आणि मूळ एंजिनावर ठेवून तिच्या अंगी शर्यतीच्या गाडीचा जोम आणायचा, आणि तरीही नोंदणी, विमा व पीयूसी यांसह ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येईल अशी राखायची, अशा बांधणीला रस्तामान्य वेगवान बांधणी म्हणता येईल. निव्वळ शर्यतीची गाडी ट्रेलरवर चढवून धावपट्टीपर्यंत न्यावी लागते. ही गाडी स्वतःच्या चाकांवर जाते आणि येते. प्रस्तुत नोंदीत विचार मुख्यतः फियाट ११०० या घराण्याचा केला आहे. महाराष्ट्रात अशा कामासाठी हाती लागणारी जुनी गाडी बहुधा तीच असते, आणि तिच्या भारतीय कारखान्याचा संस्थापक सोलापूरचा होता.

उगम : या प्रकाराच्या आरंभाबद्दल एकवाक्यता नाही. एक मत जर्मनीतील प्रिन्स हाइनरिश दौडीकडे बोट दाखवते. १९१० च्या दौडीसाठी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीने तयार केलेल्या गाड्यांच्या प्रतिकृती पुढे ग्राहकांना विकल्या गेल्या, आणि त्याच दौडीत फर्डिनांड पोर्श यांनी रचलेली ऑस्ट्रो-डाइमलर विजयी ठरली. दुसरे मत जग्वार एक्सकेएसएसला मान देते. ‘डी-टाइप’ या शर्यतीच्या गाडीला काच, टप आणि दुसरे दार बसवून १९५७ मध्ये ती रस्त्यावर आणली गेली. फेब्रुवारी १९५७ च्या आगीत कारखान्यातल्या ९ गाड्या जळाल्या आणि त्या काळात केवळ १६ पुऱ्या झाल्या. तिसरा पक्ष शर्यतीच्या नियमांकडे पाहतो. गाडी ठराविक संख्येने बांधून विकली तरच ती त्या वर्गात धावू शकेल, या अटीतून पोर्श ९११ कॅरेरा आरएस २.७ (१९७३) जन्मली. ५०० गाड्यांची गरज असताना दीड हजारांहून अधिक खपल्या. या तिन्ही मतांत कारखान्याने केलेली बांधणी धरली आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या घरगुती गाडीचे भाग घेऊन लहान कार्यशाळेने वेगवान गाडी करणे ही धारा वेगळी असून सोलापूरसारख्या गावाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. तिचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इटलीतील तूरिन येथे मिळते.

तूरिनची परंपरा : फियाटचे ११०० एंजिन १९३७ च्या सुमारास ‘५०८ सी’ या गाडीत आले. चार सिलिंडर, व्यास ६८ मिमी., धाव ७५ मिमी., घनफळ १,०८९ घ. सेंमी., वरून उघडणाऱ्या झडपा आणि शक्ती अवघी ३२ अश्वशक्तीच्या आसपास. उद्योजक पिएरो दुझियो यांच्या चिझितालिया कंपनीने महायुद्धानंतर हेच एंजिन सुधारून घेतले. तिची ‘डी ४६’ ही छोटी शर्यतीची गाडी फियाटचेच अभियंते दांते जाकोसा यांनी रचली होती. ‘२०२’ ही रस्त्यावरची गाडी १९४७ ची. तिचे कवच पिनिन फारिना यांचे. शक्ती पन्नास-साठ अश्वशक्तीच असूनही ती ताशी १६० किमी.च्या घरात जाई, कारण ती हलकी होती आणि वाऱ्याला अडत नव्हती. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी चिझितालियात बसून दुसरे आले. पहिल्या आलेल्या अल्फा रोमिओचे एंजिन जवळजवळ तिप्पट घनफळाचे होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात चिझितालिया २०२ आहे.

१९५३ मध्ये आलेल्या ‘११००/१०३’ या गाडीतही ६८ × ७५ हेच माप कायम राहिले. त्याच वर्षी फियाटने तिची ‘टीव्ही’ म्हणजे जलद प्रवासी आवृत्ती काढली व शक्ती ५० अश्वशक्तीच्या जवळपास नेली. ही परंपरा लक्षात घेता याच घराण्यातल्या, भारतात झालेल्या पद्मिनीला निव्वळ टॅक्सी समजणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

सोलापूरशी संबंध : वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. जहाजवाहतूक, विमान आणि जहाजबांधणीनंतर त्यांनी मोटारीचा उद्योग हाती घेतला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात आधी क्रायस्लर गटाच्या गाड्या व १९५१ च्या सुमारास फियाट गाड्या होऊ लागल्या. गोलसर पाठीमुळे लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलेली गाडी, नंतरची डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७३-७४ पासूनची पद्मिनी अशी ती मालिका आहे. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले.

दुसरा दुवा धातुकामाचा. कापडगिरण्यांच्या या शहरात पुढे ओतकाम व यंत्रभागांचा उद्योग वाढला. १९९२ मध्ये येथे स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-परदेशी मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट, म्हणजे एंजिनाच्या झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, पुरवते. वेगवान बांधणीत एंजिनाचा स्वभाव ठरवणारा भाग कॅमशाफ्टच आहे, म्हणून ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे.

एंजिन : ११०० एंजिनात कॅमशाफ्ट खाली, ठोकळ्याच्या बाजूला असतो, पुशरॉड (वर ढकलणारी काठी) व रॉकर (झडप दाबणारी तरफ) यांमार्फत झडपा उघडतात. कॅमच्या उंचवट्याचा आकार बदलला की झडप किती आणि किती वेळ उघडी राहते ते बदलते. जास्त वेळ उघडी राहणारी झडप वरच्या फेऱ्यांत, म्हणजे एंजिन वेगाने फिरताना, हवा-पेट्रोलचे अधिक मिश्रण आत घेते. पण खालच्या फेऱ्यांत ओढ कमी होते आणि गाडी उभी असताना एंजिन धडधडते. गावातून, सिग्नलवरून न्यायच्या गाडीला मध्यम कॅमच योग्य. ओतताना कॅमच्या उंचवट्यांपाशी लोखंड झपाट्याने थंड केले म्हणजे त्यांचा पृष्ठभाग अतिशय कठीण होतो. जुना कॅम घासून नवा आकार देताना हा कठीण थर पार झाला, तर थोड्याच दिवसांत कॅम खाल्ला जातो.

दाबप्रमाण, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते, वाढवणे हा जुना आणि स्वस्त उपाय. प्रत्येक सिलिंडरचे घनफळ सु. २७२ घ. सेंमी. असल्याने ८ दाबप्रमाणासाठी वरची पोकळी सु. ३८.९ आणि ९ साठी सु. ३४ घ. सेंमी. हवी. म्हणजे सुमारे ५ घ. सेंमी. कमी करायचे. पोकळी सिलिंडरइतकीच रुंद धरली, तर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) सुमारे १.३ मिमी. प्लेन करावे, म्हणजे तासून सपाट करावे लागते. प्रत्यक्षात पोकळी अरुंद असल्याने जरा जास्तच. हेड खाली आले की पुशरॉड तेवढा लांब ठरतो, रॉकरचा कोन बिघडतो आणि झडप पिस्टनच्या अधिक जवळ येते. त्यामुळे प्लेन करण्याआधी चिकणमातीचा गोळा पिस्टनवर ठेवून, एंजिन हाताने फिरवून अंतर मोजण्याची पद्धत आहे. हे मोजमाप टाळणाऱ्या गॅरेजात एंजिन सोडू नये. बोअर (सिलिंडरचा व्यास) १ मिमी.ने वाढवल्यास घनफळ सु. १,१२२ घ. सेंमी. होते, लाभ तीन टक्के. शक्तीसाठी बोअर वाढवण्यात अर्थ नाही. झिजलेला सिलिंडर दुरुस्त करण्यापुरता तो खरा.

सोलापूरची हवा : शहर समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवर असून मे महिन्यात पारा ४२° से.ला टेकतो. त्या वेळी हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा सु. १३ टक्के कमी भरते आणि शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. याशिवाय विरळ हवेत कार्ब्युरेटरचे मिश्रण हिशेबाने सु. ७ टक्के जाड (पेट्रोल जास्त, हवा कमी) होते. उलट २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणून तेच जेट (कार्ब्युरेटरात पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) ठेवल्यास मिश्रण सु. ८ टक्के पातळ पडते. उन्हाळ्यात हे दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडतात आणि गाडी बरी चालते. पौषातल्या पहाटे मात्र मिश्रण पातळच राहते, गाडी अडखळते व झडपा तापतात. जेटची निवड हिवाळ्यात करावी, हे यावरून निघते. जुने रबरी पाइप व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकत नाहीत. ते आधीच बदलावेत. एंजिनाला जोडलेला यांत्रिक पंप उन्हात तापून पेट्रोलची वाफ धरतो आणि सात रस्त्यासारख्या गर्दीच्या चौकात गाडी बंद पडते. पाइप एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि मधे पत्रा लावणे यावर पुरते.

ब्रेक व चाके : मूळ गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. वेग ८० वरून १०० वर गेला की थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते आणि ड्रम तापून पकड सोडतात. पुणे-सोलापूर किंवा विजयपूर रस्त्यावर गळीत हंगामात रात्री दिव्याशिवाय चालणारे उसाचे ट्रॅक्टर समोर येतात. एंजिनावर रुपया घालण्याआधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचे सांधे यांवर घालावा. दुभाजकाच्या चौपदरी मार्गावर मोटारीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किमी. असल्याने बांधणीचा रोख अंतिम वेगावर न ठेवता उठाव, वळण व थांबणे यांवर ठेवणे हेच सयुक्तिक.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून दुसऱ्या जातीचे मोठे एंजिन बसवणे, छप्पर कापणे, सांगाडा लहान करणे हे मार्ग बंद समजावेत. मूळ क्रमांकाच्या एंजिनाची आतून केलेली काळजीपूर्वक जुळणी हाच रस्तामान्य राहण्याचा खात्रीचा मार्ग दिसतो. सोलापूरच्या एमएच-१३ मालिकेतील खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावे लागते आणि तेव्हा एंजिन व चासी क्रमांक तपासले जातात.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज नियम वेगळे आहेत. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षे. सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा ही अट असून अशी गाडी प्रदर्शन, दौड, इंधन भरणे व देखभाल यांसारख्या ठराविक कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची वेगवान फियाट त्यामुळे या नोंदणीत बसत नाही. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली असल्याने त्यांच्या मालकांना दोहोंपैकी एक वाट आधीच निवडावी लागेल; एकदा हेड प्लेन केले आणि कॅम बदलला की परत फिरणे महागात पडते. जुने हेड, जुना कॅम आणि कार्ब्युरेटर तेल लावून, खूण करून जपून ठेवावेत.

शर्यती : भारतात ११०० गाड्या मद्रासजवळच्या शोलावरम धावपट्टीवर अनेक वर्षे धावल्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ कायमस्वरूपी मार्ग झाला.