सेवामंडळ (विदर्भातील ग्रामशाखा)

गावातील लोकांनी स्वेच्छेने एकत्र येऊन प्रार्थना, ग्रामसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ती आणि अडल्यानडल्याला मदत यांसाठी चालविलेली संघटना. विदर्भाच्या ग्रामीण भागात या प्रकारची सर्वांत पसरलेली संघटना म्हणजे अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची गावशाखा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) हे तिचे प्रवर्तक, मध्यवर्ती केंद्र गुरुकुंज आश्रम, मोझरी (ता. तिवसा, जि. अमरावती). गणपती किंवा शारदोत्सवापुरती उभी राहणारी मंडळे या नोंदीत घेतलेली नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या रोटरी व लायन्स क्लबांचा उल्लेख तुलनेपुरता शेवटी केला आहे.

मंडळाच्या स्थापनेचे वर्ष कोणते याविषयी एकवाक्यता नाही. मोझरीचा आश्रम १९३५ मध्ये उभा राहिला याबद्दल वाद नाही, आणि मंडळाचा आरंभही त्याच वर्षी धरण्याचा प्रघात बराच रूढ आहे. दुसरे मत मंडळाची रीतसर उभारणी १९४३ च्या सुमारास मानते. या मताचा आधार घटनाक्रमात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा ही गावे उठली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला गोळीबार झाला. महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा मुलूख आधीच जागा केला होता. त्याच महिन्यात चंद्रपूर येथे त्यांना अटक झाली, नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले आणि वर्ष संपता संपता सुटका झाली. विखुरलेल्या भजनी मंडळ्यांना एका शिस्तीखाली आणण्याचे काम या सुटकेनंतरचे. ‘श्रीगुरुदेव’ मासिकही १९४३ चेच. गावशाखा म्हणजे भजनाला जमलेली माणसे एवढेच नव्हे. सभासदांची नोंद, नेमलेला पदाधिकारी आणि ठरलेल्या वेळेची बैठक ही तिची लक्षणे आहेत, आणि ती १९३५ मध्येच गावोगाव दिसत होती असे मानण्याइतका आधार मिळत नाही. म्हणून १९३५ हे वर्ष आश्रमाचे आणि १९४३ च्या आसपासचा काळ शाखारूप संघटनेचा, अशी विभागणी येथे ग्राह्य धरली आहे.

शाखेच्या बैठकीला आजचे रूप कोठून आले, हा प्रश्न वर्षाच्या वादापेक्षा महत्त्वाचा आहे. एक मत सेवाग्रामकडे बोट दाखविते. गांधीजी एप्रिल १९३६ च्या अखेरीस वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले (या गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० पासूनचे). त्याच वर्षी तुकडोजी महाराज त्यांच्या निमंत्रणावरून तेथे काही दिवस राहिले. उघड्या आभाळाखाली सकाळ-संध्याकाळ होणारी सर्वधर्म प्रार्थना त्यांनी तेथे अनुभवली. गुरुकुंजातील सामुदायिक प्रार्थनेशी तिचे साम्य लपण्यासारखे नाही: जातपात न पाहता एका पंगतीत बसणे, ठरल्या मिनिटाला सुरू करणे, प्रार्थनेनंतर गावाच्या कामाविषयी बोलणे. दुसरे मत ही घडण वारकरी भजनी मंडळांच्या परंपरेतून आली असे मानते. टाळ, खंजिरी, वर्गणीतून घेतलेली पेटी-तबला, एकादशीचा जागर आणि सप्ताहाचे नियोजन ही सगळी यंत्रणा वऱ्हाडातल्या गावांत आधीपासून होती. तिसरा धागा गाडगेबाबांचा (१८७६–१९५६). ते अमरावती जिल्ह्यातीलच शेंडगावचे. गावात शिरताच हाती खराटा घ्यायचा, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, ही रीत त्यांनी घालून दिली. ग्रामसफाईला मंडळाच्या कार्यक्रमात जे मानाचे स्थान आहे त्यामागे हा संस्कार नाकारता येत नाही. तिन्ही मतांत तथ्य असले, तरी शाखा तगून राहण्याचे श्रेय दुसऱ्या मताकडे अधिक झुकते. सेवाग्रामने प्रार्थनेला आशय दिला, पण रोज संध्याकाळी माणसे जमविण्याची सवय भजनी मंडळाने आधीच लावून ठेवली होती. जेथे जुने भजनी मंडळ होते तेथे शाखा रुजायला वेळ लागत नाही, आणि भजन थांबले की शाखाही थंडावते.

वैचारिक आधार ‘ग्रामगीता’ (१९५५) या ४१ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात आहे. त्यातील संघटनशक्ती, सेवासामर्थ्य, ग्रामशुद्धी, सामुदायिक प्रार्थना हे विषय शाखेच्या कामाशी थेट भिडतात. ग्रंथ मराठीत असला, तरी प्रार्थनेतील बरीच पदे हिंदीत आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाड हा मराठी-हिंदी असा दुभाषी प्रांत होता आणि महाराज दोन्ही भाषांत रचना करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे याचा उलगडा होतो.

शाखेच्या बैठका दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांची गल्लत होऊ न देणे हे शाखा चालविण्यातले पहिले पथ्य होय.

पहिली बैठक प्रार्थनेची. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा रोजचा क्रम अपेक्षित आहे. रोज जमत नसेल तेथे निदान गुरुवारची प्रार्थना चुकवीत नाहीत. जागा बहुधा समाजमंदिराची, नाहीतर मारुतीच्या देवळापुढच्या पाराची. समोर मूर्ती नसते. स्वच्छ आसन मांडून अधिष्ठान तयार करतात, जवळ समई आणि उदबत्ती. सतरंजीवर सरळ रांगा धरून माणसे बसतात, डोक्यावर भगवी टोपी. उशिरा आलेला माणूस मधूनच पुढे जात नाही, मागच्या रांगेच्या टोकाला बसतो, मग तो सरपंच असो की सालगडी. प्रार्थनेनंतर ग्रामगीतेच्या काही ओव्या वाचून त्यांचा अर्थ सांगितला जातो, राष्ट्रवंदना व जयघोष होतो आणि ‘जय गुरुदेव’ म्हणत माणसे उठतात. या बैठकीत हिशेब, तक्रार किंवा राजकारण काढू नये असा दंडक आहे. तो पाळणारी शाखा भांडणाच्या काळातही टिकते, कारण एकमेकांशी बोलणे टाकलेले दोघे निदान एका सतरंजीवर येऊन बसतात.

दुसरी बैठक कामाची, म्हणजे मासिक सभा. ती प्रार्थना उरकल्यावर किंवा जेवणानंतर रात्री भरते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि प्रचारक हे नेहमीचे पदाधिकारी. वर तालुका व जिल्हा सेवाधिकाऱ्यांची साखळी थेट मोझरीपर्यंत जाते. सचिवपद बहुधा एखाद्या निवृत्त गुरुजींकडे असते, कारण प्रोसिडिंग लिहायचे काम इतरांच्या अंगावर येते. सभेचा साचा ठरलेला. आधी हजेरीच्या सह्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घेऊन पुढे नाव लिहितात. मग मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च वाचणे, पुढच्या कामांची वाटणी आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. खरी चर्चा या शेवटच्या विषयात होते: कोणाच्या घरी मयत झाली आणि लाकडे कमी पडली, शाळेच्या विहिरीवर जाळी नाही, अमक्याचा मुलगा दवाखान्यात आहे. प्रत्येक ठरावापुढे सूचक व अनुमोदक यांची नावे आणि ‘सर्वानुमते मंजूर’ हा शेरा येतो. गणपूर्ती झाली नाही तर अर्धा तास थांबून त्याच जागी तहकूब सभा घेण्याची तरतूद बऱ्याच संस्थांच्या घटनेत असते. तिचा आधार वारंवार घेणे मात्र चांगले नव्हे. चार माणसांनी घेतलेला निर्णय गावाच्या गळी उतरविताना पुढे जड जाते.

सभेची उपस्थिती शेतीच्या हंगामाशी बांधलेली आहे, आणि हे ओळखूनच वर्षाचा कार्यक्रम आखावा लागतो. कापूस-सोयाबीनच्या पश्चिम व मध्य विदर्भात मृगाची पेरणी, मग डवरणी-निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीपासून कापूस वेचणी, असे एकामागून एक खेटे असतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग धानाचा. तेथे रोवणीच्या दिवसांत गाव दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, असते. रब्बीत आणखी दोन अडचणी येतात. कृषिपंपाची लाइन रात्री असली की माणसे ओलितावर जातात, आणि रानडुकरांपायी हरभरा-तुरीच्या वावरात जागल करावी लागते. अशा वेळी सभा रद्द न करता ती पहाटेच्या रामधुनीला जोडून घेण्याचा मार्ग अनुभवी सचिव काढतात. रामधून म्हणजे भजन म्हणत गावातून काढायची पहाटफेरी. तिच्यासाठी आदल्या दिवशी रस्ते झाडले जातात, सडा-रांगोळी होते आणि फेरी संपताच पारावर पंधरा मिनिटांत दोन-तीन निर्णय होऊन जातात.

वर्षातले दोन दिवस शाखेच्या पंचांगात पक्के असतात. ३० एप्रिल हा महाराजांचा जन्मदिवस ग्रामजयंती म्हणून साजरा होतो. आश्विन वद्य पंचमीला पुण्यतिथी. त्या दिवशी मोझरीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहण्यासाठी लाखोंचा समुदाय जमतो आणि परिसर निःशब्द होतो. गावशाखा आपापला पुण्यतिथी महोत्सव त्यानंतर, शेतीची सवड पाहून, हिवाळ्यात घेतात. शाखेची वर्षभराची पुंजी बहुतांशी याच महोत्सवाच्या वर्गणीतून उभी राहते: घरटी ठरलेली रक्कम, शिवाय तांदूळ, गहू, तुरीची डाळ असे धान्य. पावती फाडल्याशिवाय रुपयाही घ्यायचा नाही आणि गोपालकाला झाल्यावर आठवडाभरात जमाखर्च फळ्यावर लावायचा, ही रीत जिथे मोडली तिथे पुढच्या वर्षी वर्गणी आटली असे दिसून येते. महाप्रसादाच्या पंगतीत जातवार बसणे मंडळाला मान्य नाही. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण ज्या काळात विहिरीही वेगळ्या होत्या त्या काळी एका पंगतीसाठी कार्यकर्त्यांनी घरच्यांचा आणि भावकीचा रोष पत्करला होता, याची जाण ठेवली पाहिजे.

नोंदणीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. अनेक शाखा स्वतंत्र नोंदणी न करता मध्यवर्ती मंडळाशी संलग्न राहतात. जागा, सभागृह किंवा देणगीतून आलेली जमीन नावावर करायची वेळ आली की नोंदणी लागते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात व्यक्तींनी मिळून संस्था नोंदविता येते. आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही येते, म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. विदर्भापुरते एक वेगळेपण येथे नोंदवले पाहिजे. हा प्रदेश ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, तेथे विश्वस्तव्यवस्थांसाठी १९५१ चा निराळा कायदा लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात नोंदलेल्या संस्थेच्या दप्तरात जुन्या कायद्याचा दाखला आढळला तर गोंधळून जाऊ नये. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अध्यक्ष वारलेले, कोषाध्यक्ष पुण्याला मुलाकडे गेलेले आणि कागदोपत्री अजून तेच कायम. अशा अवस्थेत बँक खाते अडकते आणि गावात नसलेला वाद उभा राहतो. निवड झालेल्या सभेचेच इतिवृत्त, नोटीस व हजेरीच्या सह्या या अर्जाला जोडायच्या असल्याने मासिक सभेची वही नीट ठेवण्याला एवढे महत्त्व आहे.

महिलांच्या शाखा वेगळ्या किंवा जोडशाखा म्हणून चालतात. ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे. बचत गटांच्या प्रसारानंतर गटाची बैठक व प्रार्थना एकाच संध्याकाळी घेण्याकडे कल दिसतो. दारूबंदीच्या कामात या शाखांचा विशेष वाटा राहिला. दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या मतदानात, म्हणजे ‘आडवी बाटली’च्या कौलात, नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात, तेव्हा घरोघर फिरणारी बाई हाच खरा आधार ठरतो. मेळघाट व दक्षिण गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात शाखांचा प्रसार तुलनेने विरळ आहे.

ग्रामपंचायतीशी संबंध सहकार्याचा असावा, पण मंडळाचा ठराव ग्रामसभेच्या ठरावाची जागा घेऊ शकत नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान (२०००-०१ पासून) आणि महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम (२००७) यांत शाखांचे कार्यकर्ते पुष्कळ ठिकाणी समित्यांवर गेले. त्याने कामाला बळ मिळाले. काही गावांत मात्र बक्षिसाची मोहीम संपताच सफाईही थांबली, कारण मधल्या काळात शाखेची स्वतःची बैठक बंद पडली होती.

तालुक्याच्या गावांतील रोटरी (स्थापना शिकागो, १९०५) व लायन्स (१९१७) क्लबांची घडण निराळी आहे. दोहोंचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो; सेवामंडळात एकच अध्यक्ष दहा-पंधरा वर्षे राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. विदर्भातील रोटरी क्लब संघटनेच्या ३०३० क्रमांकाच्या प्रांतात (डिस्ट्रिक्ट) मोडतात. आठवड्याच्या सभेची जुनी सक्ती रोटरीने २०१६ मध्ये सैल केली; आता महिन्यातून निदान दोन सभा पुरतात. सभासद बहुधा डॉक्टर, वकील, व्यापारी, अडते. खेड्यात नेत्रतपासणी किंवा रक्तदान शिबिर घ्यायचे असले की दोन्ही संघटना एकत्र येतात: डॉक्टर, औषधे व गाडी क्लबाची, दवंडी, सभामंडप, म्हाताऱ्या माणसांना हात धरून आणणे आणि शस्त्रक्रियेनंतर घरी जाऊन डोळ्यात थेंब टाकणे शाखेकडे.