फूटपट्टीने मोजलेला रेणू

अणू डोळ्यांना दिसत नाही, मग तो भरल्या सभागृहात दाखवायचा कसा? बहुतेक कार्यक्रमांत धूर, स्फोट आणि रंगीत ज्वाळांवर भर असतो. टाळ्या पडतात, पण पदार्थ कणांचा बनलेला आहे हे काही त्यातून उमगत नाही. माझ्या मते, अशा प्रयोगातून प्रेक्षकाला एखादा आकडा मिळायला हवा आणि तो त्याने स्वतः काढलेला हवा.

त्यासाठी तवंगाच्या प्रयोगाला तोड नाही. पसरट ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यावर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी. अल्कोहोलमध्ये हजारास एक या प्रमाणात ऑलेइक आम्ल (तेलांत आढळणारं एक स्निग्ध आम्ल) मिसळून त्याचा एकच थेंब मधोमध सोडला, की पावडर झपकन बाजूला सरते आणि मध्ये स्वच्छ वर्तुळ उघडं पडतं. प्रेक्षकांतल्याच कुणाला तरी बोलावून त्याचा व्यास मोजून घ्यावा. तो साधारण 18 सेंटिमीटर भरतो. अल्कोहोल पाण्यात मिसळून जातं, वर पसरतं ते आम्ल. थेंब 0.05 मिलिलिटरचा असेल तर त्यात आम्ल फक्त 0.05 घन मिलिमीटर. घनफळाला क्षेत्रफळाने भागलं की जाडी निघते सुमारे 2 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच लाखावा भाग!

हा थर एकाच रेणूच्या उंचीचा आहे, असं आपण इथे धरून चालतो. ते प्रेक्षकांना सांगायलाच हवं. या रेणूत 18 कार्बन अणूंची साखळी असते. म्हणजे एकेका अणूच्या वाट्याला नॅनोमीटरचा जेमतेम दहावा भाग येतो.

लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर बेंजामिन फ्रँकलिनने चमचाभर तेल ओतलं, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालं. त्याचं हे निरीक्षण 1774 मध्ये प्रसिद्ध झालं. भागाकार मात्र त्याने केला नाही. तेलाच्या थराची जाडी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने काढली, ती 1890 मध्ये.

यानंतर क्लाउड चेंबर दाखवावं, म्हणजे अदृश्य कण गेला त्या वाटेवर धुक्याची रेघ उमटवणारी पेटी. चार्ल्स विल्सनला 1927 चं नोबेल मिळवून देणारं हे उपकरण. बंद पेटीत अल्कोहोलची वाफ आणि तळाशी उणे 78 अंशांचा ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड), एवढ्यावर त्याची आजची साधी आवृत्ती चालते. जाड, आखूड रेघ उमटली तर ती अल्फा कणाची. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूसारख्या एखाद्या अणूच्या केंद्रकातून तो नुकताच बाहेर पडलेला असतो. बारीक, वेडीवाकडी रेघ इलेक्ट्रॉनची. या रेघा अशा वेगवेगळ्या का, हा प्रश्न प्रेक्षकांतून येईपर्यंत निवेदकाने उत्तर देण्याची घाई करू नये.