ट्रान्झिस्टर बदलला, तरी ॲम्प्लिफायर पुन्हा का जळतो?

गणपती तोंडावर आले की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ट्रान्झिस्टर घ्यायला रीघ लागते. मंडळाचा ॲम्प्लिफायर बंद पडलेला असतो, आउटपुटचे, म्हणजे स्पीकरला प्रवाह देणारे, ट्रान्झिस्टर शॉर्ट. नवे बसवले की आवाज येतो आणि दुसऱ्या संध्याकाळी तेही उडतात. खापर फुटतं नकली मालावर. नकली माल असतोच, पण अस्सल ट्रान्झिस्टरही असेच जळतात, कारण मूळ बिघाड शेजारच्या किरकोळ भागात तसाच राहिलेला असतो.

आउटपुटला ट्रान्झिस्टर जोडीनं काम करतात. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक सांभाळतो, खालचा दुसरा. मधल्या सांध्यावर आवाज फाटू नये म्हणून गाणं बंद असतानाही दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवतात, बऱ्याच सर्किटांत 20 ते 50 मिलिअँपिअर. हा बायस. त्यासाठी प्रत्येकाच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये साधारण 0.6 व्होल्ट लागतात.

खरी गोम पुढे आहे. सिलिकॉन एक अंशानं तापलं की तेवढ्याच प्रवाहाला सुमारे 2 मिलिव्होल्ट कमी पुरतात. आणि बेसवर साधारण 60 मिलिव्होल्ट जास्त पडले की प्रवाह दहापट होतो. आता हिशेब करा: बेसवरचा व्होल्टेज तसाच राहिला आणि ट्रान्झिस्टर 30 अंशांनी तापला, तर प्रवाह दहापटीकडे जातो. त्यानं तो आणखी तापतो, प्रवाह आणखी वाढतो. एमिटरमधला 0.22 ओहमचा रेझिस्टर थोडा आवर घालतो, पण खरी राखण करतो हीटसिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटवलेला छोटा बायस ट्रान्झिस्टर. हीटसिंक तापला की तो बायस आपोआप उतरवतो. दुरुस्तीत त्याचा स्क्रू ढिला राहिला, तर त्याला उष्णता कळतच नाही. त्याच्या कलेक्टर (तिसरा पाय) आणि बेसमध्ये प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर, असेल आणि त्याचा सरकता संपर्क सुटला, तर हा ट्रान्झिस्टर बंद पडतो, बायस एकदम वर जातो आणि आउटपुटची जोडी क्षणात शॉर्ट होते.

खोक्यावरच्या '5000 वॉट पीएमपीओ'वर, म्हणजे जाहिरातीपुरत्या क्षणिक ताकदीच्या आकड्यावर, विश्वास ठेवू नका. मागे 2 अँपिअरचा फ्यूज असेल, तर 230 व्होल्टवर तो सलग 460 वॉटच आत येऊ देतो. बाहेर त्याहून कमीच पडणार.

दुरुस्तीआधी प्लग काढा, वीज साठवून ठेवणारे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा. ड्रायव्हर (आउटपुटच्या जोडीला चालवणारे ट्रान्झिस्टर), एमिटर रेझिस्टर, प्रीसेट सगळं मल्टिमीटरनं तपासा. मग स्पीकर न जोडता 100 वॉटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमधून वीज द्या. बल्ब लख्ख उजळून लगेच मंदावला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण नवे ट्रान्झिस्टर वाचले. दुहेरी (अधिक आणि उणे) सप्लाय असेल तर आउटपुटवर डीसी शून्याच्या आसपास हवा.

मग बल्ब काढून, प्रीसेट कमीत कमी बायसवर ठेवून सुरू करा आणि 0.22 ओहमच्या दोन टोकांवर मीटर लावून हळूहळू 5.5 मिलिव्होल्टवर आणा. म्हणजे 25 मिलिअँपिअर. सर्किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. हीटसिंक चांगला तापल्यावर गाणं थांबवून पुन्हा मोजा. आकडा चढत चालला असेल, तर मशीन तिथेच बंद करा आणि बायस ट्रान्झिस्टरचा स्क्रू बघा.