गावाच्या जंगलावर सामूहिक हक्क हवा आहे? दावा असा करा

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने त्याआधी कितीतरी वर्षं दिली होती. कायद्याने तिला कागदाचं बळ दिलं. पुढे एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या अनेक वाड्या-पाड्यांनी मात्र अजून दावाच केलेला नाही. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी.

कायदा २००६ चा: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम. त्याचे नियम २००८ चे, आणि २०१२ मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली. दाव्याचे नमुने तीन आहेत. पहिला कसत असलेल्या वनजमिनीसाठी, म्हणजे वैयक्तिक. दुसरा निस्तार (घरगुती गरजेपुरतं सरपण, लाकूड वगैरे जंगलातून घेणं), चराई, मासेमारी, मोह-तेंदू अशा सामूहिक वापराच्या हक्कांसाठी. तिसरा, ज्याला फॉर्म सी म्हणतात, तो गावाच्या पारंपरिक हद्दीतलं अख्खं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मागतो. अनेक गावं दुसऱ्या नमुन्यावर थांबतात. तसं करू नका, कारण जंगलाचा कारभार गावाकडे येतो तो तिसऱ्यामुळे.

दावा कोण करू शकतं

दावा ग्रामसभेचा असतो, आणि ग्रामसभा म्हणजे सात-आठ वाड्यांच्या ग्रामपंचायतीची सभा असं इथे समजायचं नाही. या कायद्यात गावाची व्याख्या अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, पेसा कायद्याप्रमाणे (त्या भागातल्या पंचायतींचा कायदा) आहे. म्हणजे स्वतःचे व्यवहार रूढीप्रमाणे चालवणारा एखादा पाडा किंवा टोलासुद्धा स्वतंत्र गाव ठरू शकतो. माझ्या मते सगळ्यात आधी हे ठरवून घ्यावं. आपल्या पाड्याचं जंगल पंचायतीच्या मोठ्या सभेत मांडलं, तर ते जंगल कधी न पाहिलेले लोक त्यावर हात वर करतात.

आदिवासींच्या बाबतीत १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्या जंगलात वास्तव्य आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून असणं पुरेसं आहे. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. फॉर्म सी भरताना गावातल्या प्रत्येक घराने ही अट पुरी केली पाहिजे असं नाही. ग्रामसभेत काही आदिवासी किंवा पारंपरिक वननिवासी असले तरी दावा करता येतो, असं त्या नमुन्यातच छापलेलं आहे. बिगरआदिवासी घरं आहेत म्हणून दावा चालणार नाही असं कुणी सांगितलं, तर ती ओळ दाखवा. दावा करण्याची शेवटची तारीख कायद्यात नाही, आणि नमुने विनामूल्य मिळायला हवेत.

पहिली सभा आणि तिचं रजिस्टर

पहिल्या सभेत वनहक्क समिती निवडायची. सदस्य किमान १०, जास्तीत जास्त १५. त्यांत दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश महिला हव्यात. समिती आपला अध्यक्ष आणि सचिव निवडते आणि तसं प्रांत कार्यालयातल्या उपविभागस्तरीय समितीला कळवते. त्याच सभेत दावे मागवण्याचा ठरावही करावा. दाव्यांसाठी त्या दिवसापासून तीन महिने असतात. कारण लेखी नोंदवून ही मुदत ग्रामसभा वाढवू शकते.

गणपूर्ती साध्या ग्रामसभेपेक्षा कडक आहे. निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. माझ्या पाहण्यात दावे पुराव्यापेक्षा इथेच जास्त अडकलेत. बाया सभेला येतात, मागे बसतात, बोलतातही, पण सही करायला रजिस्टर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मग कागदावर सभा अपुरी. म्हणून महिलांच्या सह्या-अंगठ्यांसाठी वेगळं पान काढा आणि ते सभा संपायच्या आधी भरा. वर एकूण मतदार, हजर पुरुष, हजर महिला असे तीन आकडे लिहा. सभेची तारीख, जागा आणि ठरावाचे शब्द त्याच रजिस्टरात असू द्या. सुट्या कागदावर लिहून नंतर चिकटवलेला ठराव पुढच्या टेबलावर संशय निर्माण करतो.

नकाशा आणि पुरावे

फॉर्म सीसोबत नकाशा लागतो. मोजणीचा नकाशा असलाच पाहिजे असं नाही. सर्व्हे नंबर किंवा कंपार्टमेंट नंबर (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला क्रमांक) माहीत असेल तरच लिहायचा आहे. खरी हद्द म्हाताऱ्या माणसांच्या पायांना माहीत असते. त्यांच्यासोबत शिवार फिरा. गुराखी, मध काढणारे आणि कंद-भाजी आणणाऱ्या बायांना सोबत घ्या, कारण पुरुषांना माहीत नसलेल्या जागा त्यांना माहीत असतात. कोणत्या ओढ्यापासून कोणत्या टेपाडापर्यंत, कुठल्या मोहाच्या झाडाशी हद्द वळते, गुरं पाण्यावर कुठे नेली जायची, देवराई कुठे, मसणवटा कुठे, हे जागेवरच लिहून घ्या. मोबाईलवर बिंदू नोंदवले तर चांगलंच, पण आधी नावं लिहा.

शेजारच्या गावांना या फेरीचं लेखी निमंत्रण द्या. एकच जंगल दोन गावं वापरत असतील, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून ते लिहून द्यायचं असतं. वाद मिटला नाही तरच तो उपविभागस्तरीय समितीकडे जातो. शेजाऱ्याची सही असलेला नकाशा पुढे कुणी सहजासहजी हलवू शकत नाही.

पुरावे किमान दोन प्रकारचे हवेत. निस्ताराच्या नोंदी, गॅझेटियर, जुने बंदोबस्त (जमीनमहसूल ठरवण्याचे) अहवाल, जंगल पूर्वी संरक्षित किंवा गायरान असल्याचा सरकारी कागद, वनखात्याच्या जुन्या पावत्या, यांतलं काहीही चालतं. चराईच्या, कंदमुळं आणि औषधी वनस्पती गोळा करण्याच्या, मासेमारीच्या जागा आणि पाणवठे हा पुरावा आहे. देवराई, जुनी तळी, दफनभूमी याही पुरावाच. दावेदारांव्यतिरिक्तच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही नियमांनी मान्य केला आहे. तो घेताना त्यांचं वय आणि त्यांनी स्वतः काय पाहिलं ते त्यांच्याच बोलीत लिहा. कार्यालयाच्या भाषेत बदललेला जबाब सगळ्या फायलींत सारखाच दिसतो आणि त्याचं वजन जातं.

वन व महसूल नकाशे आणि मतदार याद्या पुरवणं हे उपविभागस्तरीय समितीचं काम आहे. ग्रामसभेच्या पत्राने ते मागा आणि पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. या फायलीतला प्रत्येक कागद पोचसहितच ठेवायचा.

पडताळणी

वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते. आधी वन आणि महसूल खात्यांना लेखी कळवावं लागतं. त्यांच्या अधिकाऱ्यांनी हजर राहून कार्यवाहीवर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची असते. ते आले नाहीत म्हणून काम थांबवू नका. सामूहिक दाव्यावर त्यांनी नंतर ‘आम्ही हजर नव्हतो’ असा आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. २०१२ च्या दुरुस्तीतलं हे कलम गावाच्या फार उपयोगाचं आहे. ते वापरता यावं म्हणून त्या दिवशीच्या पंचनाम्यात कोण आलं, कोण नाही, स्पष्ट लिहा.

पडताळणीचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायचा, ठराव करायचा आणि सगळा संच उपविभागस्तरीय समितीकडे द्यायचा. एक पूर्ण झेरॉक्स संच गावात राहू द्या.

वरच्या दोन समित्या

प्रांतांची समिती तपासून दावा जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे पाठवते. ग्रामसभेची शिफारस आणि दोन पुरावे असलेला दावा लेखी कारणांशिवाय या समित्या फेटाळू शकत नाहीत. अमुकच कागद आणा असा हट्टही त्यांना धरता येत नाही. उपग्रह चित्र पूरक म्हणून चालतं, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. ठराव अपुरा वाटला तर दावा ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा असतो. ‘पुरावा नाही’ अशा दोन शब्दांवर निकाली काढलेली फाईल मी पाहिली आहे. असं झालं तर सविस्तर आदेश मागा. प्रांतांच्या समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडेही अपील करता येतं.

हक्काचा कागद हातात आल्यावर

घाईने पेढे वाटण्याआधी तो वाचा. दाव्यातली हद्द आणि कागदावरची हद्द ताडून पाहा, क्षेत्र कमी केलं असेल तर त्याची कारणं मागा. नियमांतल्या नमुन्यात स्पष्ट म्हटलं आहे की कायदा आणि नियमांतल्या अटींखेरीज या हक्कावर कोणतीही अट नाही. ‘वनखात्याच्या कार्ययोजनेस (म्हणजे जंगलासाठीच्या खात्याच्या आराखड्यास) अधीन’ असं काही वर जोडलेलं दिसलं, तर लगेच लेखी हरकत घ्या.

मग ग्रामसभेने जंगलाच्या रक्षणासाठी आणि व्यवस्थापनासाठी समिती नेमायची, आराखडा करायचा, बँक खातं काढायचं. गौण वनोपजाचा (बांबू, तेंदू, मोह, मध अशा उपजाचा) वाहतूक परवानाही हीच समिती देते. काय तोडायचं आणि काय राखायचं हेही आता गावच ठरवतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने चांगला पैसा देणारा तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात. बांबूच्या उत्पन्नावर त्यांनी आपली मजुरी उभी केली. आराखडा करताना अशी चर्चा पुरेसा वेळ देऊन करा, आणि महसूल व वन अभिलेखांत हक्काची नोंद झाली का, हे तीन महिन्यांनी तहसील कार्यालयात जाऊन तपासा.