रात्रीची शाळा मागितली, तर कोणती सांगाल? रात्रशाळा आणि साक्षरता वर्ग यांतला फरक

भांडुपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी एका संध्याकाळी म्हणाल्या, "बाई, मला रात्रीच्या शाळेत घाला. आता सून बसते भाजीवर, मला वेळ मिळतो." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे जवळच्या रात्रशाळेचा पत्ता दिला, कोणाला भेटायचं तेही सांगितलं. चार दिवसांनी त्या वही घेऊन परत आल्या. पानभर सरळ, ठसठशीत शिरोरेषा मारलेल्या होत्या आणि प्रत्येक रेषेखाली आकार टांगलेले होते, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. फळ्यावर जे होतं ते त्यांनी चित्र काढल्यासारखं उतरवून आणलं होतं. वर्ग नववीचा, तास बीजगणिताचा. दाखला नसतानाही सरांनी मागच्या बाकावर बसू दिलं, आपुलकीने बोलले. "पण बाई, मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही," मावशी म्हणाल्या.

चूक माझी होती. त्या 'रात्रीची शाळा' म्हणाल्या आणि मी 'रात्रशाळा' ऐकलं. त्यांना हवा होता साक्षरता वर्ग, मोठ्या माणसांना पहिल्या अक्षरापासून शिकवणारा.

याच्या उलटही पाहिलं आहे. सातवीत शाळा सुटलेला, कुरियरचं काम करणारा एक मुलगा कोणाच्या तरी सांगण्यावरून आमच्या साक्षरता वर्गात आला. तीन दिवस सगळ्यांबरोबर 'काम', 'मका', 'कमळ' वाचत मान खाली घालून बसला. चौथ्या दिवशी आला नाही. त्याला वाचता येत होतं, त्याला दहावी हवी होती. रात्रशाळेचा पत्ता मी त्याला पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. शिकायची इच्छा घेऊन माणूस दारात येतो, हा क्षण फार नाजूक असतो. चुकीच्या वर्गात बसला की तो शिक्षणालाच नको म्हणतो, आणि पुन्हा यायला त्याला कित्येक वर्षं लागतात.

हा गोंधळ उगीच झालेला नाही. एके काळी या दोन गोष्टी खरोखरच एक होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली ती दिवसभर कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, आणि तिथे सुरुवात अक्षरापासूनच होती. मुंबईत गिरण्यांची वस्ती वाढली तशी ही गरजही वाढली. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं हे तिच्या कामातलं मोठं अंग होतं. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा. कोकणातून, घाटावरून आलेला गडी पाळी संपवून गाळ्यावर यायचा, खाणावळीत जेवायचा आणि दिव्याखाली बसून मुळाक्षरं गिरवायचा. त्याच्यासाठी रात्रीची शाळा एकच होती.

पुढे वाटा फुटल्या. रात्रशाळांनी माध्यमिक मंडळाचा अभ्यासक्रम धरला, त्या दहावीपर्यंत नेणाऱ्या शाळा झाल्या. अक्षर शिकवण्याचं काम मोहिमांकडे गेलं. स्वातंत्र्याआधीच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात प्रौढ साक्षरतेने जोर धरला. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ मध्ये साक्षर भारत, आणि २०२२ पासून पाच वर्षांसाठी 'उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम'. दर वेळी नाव बदललं, पण लोकांच्या तोंडी 'रात्रीची शाळा' तेवढी राहिली.

रात्रशाळेचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. ती शाळाच आहे. पट आहे, हजेरी आहे, जूनमध्ये प्रवेश आहे, गणवेश नसेल पण परीक्षा आहेत. मुंबईत बहुतेक रात्रशाळा आठवी ते दहावी चालतात, काही ठिकाणी पुढे रात्र कनिष्ठ महाविद्यालयही आहे. दिवसाच्या एखाद्या शाळेच्याच इमारतीत साधारण साडेसहा ते साडेनऊ वर्ग भरतात. दिवसाच्या शाळेत पाच-सहा तासांत जे शिकवतात तेच इथे तीन तासांत बसवायचं असतं, आणि शेवटी पेपर तोच, बोर्डाचा. दहावीच्या गुणपत्रिकेला दिवस-रात्र असा भेद नाही. विद्यार्थी म्हणजे हॉटेलात, दुकानात, कारखान्यात राबून आलेली मुलं-मुली, आणि आता लग्नानंतर परत आलेल्या बायकाही. उपाशीपोटी बसणाऱ्यांच्या डोक्यात भूमिती शिरत नाही, हे ओळखून मासूम ही संस्था २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांबरोबर काम करते. संध्याकाळचा पौष्टिक खाऊ, पुस्तकं, विज्ञानाच्या प्रयोगांची सोय असं त्या कामाचं स्वरूप आहे.

या शाळेत बसायला पायाखाली काहीतरी असावं लागतं. वाचता यायला हवं, बेरीज-गुणाकार हवा, आणि आधीच्या शाळेचा दाखला असला तर काम सोपं होतं. पहिल्यापासून अक्षर शिकवायला रात्रशाळेच्या शिक्षकाला ना वेळ असतो, ना तो तिथे त्यासाठी नेमलेला असतो.

साक्षरता वर्गाचं मात्र सगळंच निराळं. इथे इयत्ता नाही, दाखला कोणी मागत नाही, जून-मार्चचं बंधन नाही. पंधरा वर्षांवरचा कोणीही बसू शकतो. 'उल्लास'मध्ये शिकणाऱ्याला 'असाक्षर' म्हणतात. निरक्षरापेक्षा हा शब्द सौम्य आहे आणि मला तो आवडतो. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही. आठवी किंवा त्यापुढचा विद्यार्थीसुद्धा शिकवू शकतो. नावनोंदणी जवळच्या शाळेत होते. वर्ग मात्र समाजमंदिरात, अंगणवाडीच्या खोलीत, मंडळाच्या कार्यालयात, जिथे जमेल तिथे. आणि बायकांचा वर्ग बहुधा रात्री नसतोच. आमचा दुपारी दोन ते चार भरतो. त्याआधी नळाची वेळ असते, त्यानंतर मुलं शाळेतून येतात आणि स्वयंपाकाला लागायचं असतं.

मोठ्या माणसाला शिकवताना 'अ अननसाचा' इथून सुरुवात केली की माणूस अवघडतो. आम्ही स्वतःच्या नावापासून सुरू करतो, मग रोजच्या तोंडातले शब्द. 'पाणी' शिकवलं की प, ण, काना आणि दुसरी वेलांटी हातात येते. त्यात 'न' मिळवला की 'पान', 'नाणी', 'पानी', आणि मग हसत हसत 'ण' आणि 'न' यांच्यावरून वाद. जोडाक्षरांपाशी गाडी हमखास अडते. 'स्टेशन' बोलायला रोजचा शब्द, पण लिहिलेला दिसला की अर्धा 'स' कुठे गेला ते सापडत नाही.

आकड्यांची कथा आणखी वेगळी. मावशी पाव किलो, अर्धा किलो, तीन जुड्या असा हिशेब माझ्यापेक्षा वेगाने तोंडी करतात. गणित त्यांना येतं, आकडा ओळखता येत नाही. त्यात मुंबईत आकडे दोन जातींचे. मोबाइलवर, वजनकाट्यावर इंग्रजी आकडे, आणि बेस्टच्या बसवर समोर देवनागरी व बाजूला इंग्रजी, ही इथली जुनी रीत. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ हा इंग्रजी आठसारखा. एकीने मला सांगितलं होतं की ती वर्षानुवर्षं बसचा रंग, कंडक्टरचा चेहरा आणि शेजारच्या बाईचा अंदाज यांवर प्रवास करत आली. म्हणून आम्ही दोन्ही आकडे पहिल्या आठवड्यापासून शेजारी शेजारी लिहितो. स्टेशनवरचा इंडिकेटर हा दुसरा धडा. तिथे मराठी नाव येतं आणि लगेच हिंदी, इंग्रजी येऊन ते जातं. अक्षर ओळखता येणं पुरत नाही, ते जायच्या आत वाचता यावं लागतं.

शेवटी चाचणी असते. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची ही चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि तिन्ही भागांत किमान ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात 'उल्लास'ची पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. रविवार होता, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यांमध्ये आपल्या सोयीने येऊन तीन तासांत पेपर लिहायचा होता. कष्टकऱ्यांचा दिवस कसा जातो हे ठाऊक असलेल्या कोणीतरी ही वेळ ठरवली असणार. कमी पडलं तर नापास म्हणत नाहीत, 'सुधारणा आवश्यक' म्हणतात. जमलं तर प्रमाणपत्र मिळतं, आणि ते हातात घेताना रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण हे प्रमाणपत्र म्हणजे दहावी नव्हे, सातवीही नव्हे. शिपायाच्या नोकरीच्या अर्जाला ते जोडून चालणार नाही, हे आधीच स्वच्छ सांगायला हवं, नाहीतर ती फसवणूक होते.

मुंबईत असे कितीसे लोक असणार, असं पुष्कळांना वाटतं. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता ८९ टक्क्यांच्या पुढे होती. आकडा छान दिसतो. पण उरलेले दहा-अकरा टक्के म्हणजे सात वर्षांवरची दहा लाखांहून जास्त माणसं. जनगणना कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणाऱ्याला साक्षर धरते, तेव्हा कन्नड किंवा उर्दू वाचणारा पण मराठी पाटी न लागणारा शेजारी यात मोजलेलाही नाही.

लहान मुलांचं विचाराल तर त्यांना या दोन्हीपैकी कुठेही पाठवायचं नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा दिवसाच्या शाळेवर हक्क आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. पालिकेची शाळा त्यासाठी आहे. दहा वर्षांचं पोर चहाच्या टपरीवर दिसलं आणि "त्याला रात्रशाळेत घाला" असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ दिवसभर ते राबणार हे आपण मान्य केलं, असा होतो. अशा मुलांना शाळेपर्यंत आणण्यासाठी डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९८८ पासून मुंबईत काम करते. तिची बसमधली फिरती शाळा रस्त्यावरच्या मुलांपाशी जाऊन उभी राहते. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था आज देशभर पसरली आहे. तिचे एक संस्थापक माधव चव्हाण त्याआधी मुंबईच्या वस्त्यांत प्रौढ साक्षरतेचंच काम करत होते.

सगळ्यात अवघड असतात ती मधली माणसं. तिसरी-चौथीत शाळा सुटली, अडखळत वाचता येतं, सही येते. साक्षरता वर्गात त्यांना बाळबोध वाटतं, रात्रशाळेत आठवीत झेपत नाही. त्यांना कोणी मुक्त शाळेबद्दल सांगतच नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे तीन टप्पे आहेत. घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला बसायचं. ज्यांना शाळेत रोज जाणं शक्य नाही पण दहावी द्यायची आहे, त्यांच्यासाठी बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म आहे. आणि ज्यांना कागदापेक्षा हातात कौशल्य हवं आहे त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान. त्याचं मूळ मुंबईचंच. त्याचं आधीचं नाव श्रमिक विद्यापीठ, आणि देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये वरळीला सुरू झालं होतं.

आता कोणी आलं की मी "लिहिता-वाचता येतं का?" असं विचारत नाही. त्या प्रश्नाने माणूस लाजतो आणि "थोडं थोडं" म्हणून मोकळा होतो. मी विचारते, "शाळा कितवीत सुटली?" आणि "शिकून काय करायचं मनात आहे?" पहिल्या प्रश्नाने कुठून सुरुवात करायची ते कळतं, दुसऱ्याने अक्षर हवंय की दाखला ते कळतं. मग दिवाळीचं जुनं ग्रीटिंग किंवा विजेचं बिल पुढे ठेवते आणि "यातलं काय दिसतंय?" एवढंच म्हणते.

मावशी आता आमच्या दुपारच्या वर्गात जोडाक्षरांपर्यंत आल्या आहेत, मार्चच्या चाचणीला बसणार आहेत. मागच्या गुरुवारी वर्ग संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्या सरांच्या वर्गात परत जाता येईल का कधी?" मी त्यांच्याच वहीत चार ओळी लिहून दिल्या: आधी चाचणी, मग मुक्त विद्यालयाची पाचवी, मग आठवी, मग रात्रशाळा. पहिली ओळ त्यांनी बोट ठेवून स्वतः वाचली. दुसऱ्या ओळीत 'विद्यालय' आलं, ते आम्ही दोघींनी मिळून सोडवलं.