मागे येणारे संदेश: व्हिज्युअल कॉर्टेक्सच्या संशोधनाची पार्श्वभूमी

दृष्टीची पाठ्यपुस्तकातली गोष्ट एकाच दिशेने चालते. डोळ्याकडून निघालेला संदेश थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या मध्यभागातले संदेश पुढे पाठवणारे केंद्र) मेंदूच्या मागच्या भागात, प्राथमिक व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये म्हणजे ‘व्ही-१’मध्ये पोचतो आणि तिथून पुढच्या क्षेत्रांकडे जातो. हे चित्र बऱ्याच अंशी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्या प्रयोगांमुळे रूढ झाले. व्ही-१मधल्या अनेक चेतापेशी ठरावीक कोनातल्या रेषेलाच जोमाने प्रतिसाद देतात, हे त्यांनी १९५९पासून मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवले. १९८१मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मांजरे मात्र भुलीखाली होती.

उलट दिशेचे, म्हणजे पुढच्या क्षेत्रांकडून मागे फीडबॅक आणणारे तंतू कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. ते कॉर्टेक्सच्या मधल्या, चौथ्या थराला टाळून बाकीच्या थरांत पसरतात, हे कॅथलीन रॉकलंड आणि दीपक पंड्या यांनी १९७९मध्येच माकडांच्या मेंदूत नोंदवले होते. १९९१मध्ये फेलमन आणि व्हॅन एसन यांनी माकडाच्या मेंदूतल्या दृष्टीशी संबंधित ३२ क्षेत्रांचा आणि ३०५ जोडण्यांचा नकाशा मांडला. त्यातल्या बहुतेक जोडण्या दुहेरी निघाल्या. एवढे तंतू परत येतात ते कशासाठी, हे विचारायला मात्र उशीरच झाला.

उत्तराची सुरुवात जाग्या माकडांपासून झाली. १९९५मध्ये व्हिक्टर लाम यांना दिसले की पेशीसमोरच्या रेषा त्याच असल्या, तरी त्या एखाद्या आकृतीचा भाग असतील तर व्ही-१ची पेशी जास्त पेटते. पार्श्वभूमीचा असतील तर कमी. हा फरक पहिल्या प्रतिसादानंतर काही शतांश सेकंदांनी उमटतो. म्हणजे पुढच्या क्षेत्रांचे मत येईपर्यंतचा वेळ जातो, असा अर्थ लावला गेला. १९९८मध्ये माकडांना भूल दिल्यावर हा फरक नाहीसा झाला, पेशींची रेषांच्या कोनाची निवड मात्र टिकली. जुन्या प्रयोगांत फीडबॅक का दिसला नसावा, याचे मला तरी हे सर्वांत पटणारे कारण वाटते. त्याच वर्षी ह्यूपे आणि सहकाऱ्यांनी माकडांमध्ये गती टिपणारे ‘व्ही-५’ थंड करून तात्पुरते बंद केले. त्यामुळे आधीच्या क्षेत्रांतल्या पेशींना आकृती वेगळी काढणे जड गेले, विशेषतः ती अंधूक असताना.

१९९९मध्ये राजेश राव आणि डाना बॅलार्ड यांनी याला गणिती रूप दिले: पुढच्या क्षेत्रांकडून खाली येतो तो अंदाज, खालून वर जाते ती त्या अंदाजातली चूक. सिद्धान्त देखणा आहे, पण सगळा फीडबॅक त्यात बसतो का, यावर वाद आहे. २०२०मध्ये उंदरांच्या व्ही-१मध्ये असे आढळले की पेशीच्या स्वतःच्या टापूत, म्हणजे ती दृश्याचा जो तुकडा पाहते त्यात, काहीच नसले आणि भोवती रेषा असल्या, तरी ती उशिराने प्रतिसाद देते. वरची क्षेत्रे गप्प केली की तो प्रतिसाद घटतो.